झपाट्याने लहान होणारी पदे पुरेशी नाहीत
‘पदे झपाट्याने लहान होत गेली की अनंत श्रेणीची बेरीज अपरिमेय ठरते’, म्हणजे दोन पूर्णांकांचा अपूर्णांक म्हणून लिहिता येत नाही, हे ‘ई’ या संख्येबद्दलच्या लेखातील विधान मान्य करता येत नाही. १/२ + १/३ + १/७ + १/४३ + … ही सिल्व्हेस्टरची श्रेणी पाहावी: येथे प्रत्येक नवा छेद आधीच्या सर्व छेदांच्या गुणाकारापेक्षा एकने मोठा असतो, पदे ‘ई’च्या (सुमारे २.७१८) १ + १/१! + १/२! + १/३! + … या श्रेणीपेक्षाही (३! म्हणजे १×२×३, यालाच फॅक्टोरियल म्हणतात) फार वेगाने लहान होतात, आणि तरीही बेरीज नेमकी १ भरते. म्हापशात उच्च माध्यमिकच्या मुलांना मी हे उदाहरण आवर्जून देतो.

कळीचा प्रश्न असा, की कोठेतरी थांबून तोवरच्या छेदांच्या सामाईक पटीने गुणल्यावर उरलेला शेष (पुढच्या पदांची बेरीज गुणिले ती पट) शून्य न होता शून्याकडे जातो का? बेरीज परिमेय असती, तर हा शेष एका ठरावीक अपूर्णांकाच्या पटीतच राहिला असता, त्याहून लहान होऊ शकला नसता. ‘ई’च्या बाबतीत फॅक्टोरियलने गुणल्यावर तो जातो, म्हणूनच ‘ई’ अपरिमेय असल्याची सिद्धता उभी राहते, सिल्व्हेस्टरच्या श्रेणीत मात्र तो प्रत्येक टप्प्यावर १ च राहतो.