स्वमग्न मुलाच्या पालकांना सल्ला देण्याची रीत

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाला आईवडील वाढवतात, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ती जबाबदारी वास्तविक तुमची, म्हणजे शेजारी, लांबची मामी आणि लिफ्टमध्ये तीन मजल्यांपुरते भेटणारे सद्गृहस्थ यांची असते, आणि ती पार पाडण्यासाठी त्या मुलाला ओळखण्याची मुळीच गरज नसते.

आरंभी निदान फेटाळावे. तज्ज्ञांनी अनेक भेटींत केलेल्या तपासणीपेक्षा दोन मिनिटांत झालेली तुमची खात्री मोठी मानून ‘दिसायला तर चांगला आहे हो’ असे म्हणावे आणि लगेच, पाचव्या वर्षापर्यंत अक्षर न बोललेला व आता अमेरिकेत असलेला आपला भाचा सादर करावा. भाचा नसल्यास उसना घ्यावा. आमच्या पदरी असे अकरा भाचे जमले आहेत.

मग कारण शोधावे. आईची नोकरी सर्वांत सोयीची, कारण त्या आरोपाला परंपरा आहे. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे वर्णन केल्यानंतर, मायेची ऊब न देणाऱ्या आयांमुळे मुले अशी होतात, हे मत काही दशके मानाने मिरवत होते. ते पुढे मोडीत निघाले, हा तपशील मध्ये आणू नये. लशीचेही तसेच आहे: गोवर, गालगुंड व रुबेलावरच्या एमएमआर लशीवर ठपका ठेवणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, सोसायटीच्या ग्रुपवरचा संदेश मात्र कोणी मागे घेतलेला नाही.

पंगतीत बसल्यावर, मुलगा केवळ पांढरा भात, तोही वरणाचा थेंब न लागलेला, खातो असे कळले, तर ‘लाडावून ठेवलाय’ असे म्हणत त्याच्या भातावर स्वहस्ते आमटीचा डाव रिकामा करावा. पुढच्या अर्ध्या तासाची चिंता करू नये; तो आईच्या वाट्याचा असतो.

तुम्ही मुख्याध्यापक असाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे आणि मान्यताप्राप्त शाळेला प्रवेशात भेदभाव करता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच असेल. तेव्हा नकार देऊच नये. ‘आमच्याकडे त्याला न्याय मिळणार नाही’ असे अत्यंत दुःखाने, खुर्चीतून उठता उठता सांगावे. २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी, प्रवेशद्वारावर निळे दिवे लावून ध्वनिक्षेपकावर भाषण ठेवावे. कर्कश आवाज न सोसणारा तो मुलगा तेव्हा घरी, दार लावून, कानांवर उशी दाबून बसलेला असल्याने अडचण होत नाही.

लोकलमध्ये विशेष दक्ष राहावे. धीम्या गाडीत खिडकीशी बसलेला, आवाज अडवणारे हेडफोन लावून हात फडफडवणारा मुलगा दिसताच, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा बेताने त्याच्या आईला विचारावे, ‘बोलत नाही का हो?’ ती तोंड उघडेपर्यंत दादर मागे पडेल आणि तो मुलगा उद्घोषणेच्या आधी, त्या उद्घोषणेच्याच ठेक्यात म्हणेल, ‘पुढील स्टेशन, परळ. अगला स्टेशन, परेल. नेक्स्ट स्टेशन, परेल.’ तिकडे लक्ष देऊ नये. तुम्हाला परळलाच उतरायचे असले, तरीही.