दुखणं मनात नसतं, गुडघ्यातच असतं

रविवारी रात्री वहिनीचा फोन आला. दादाचा गुडघा एवढा सुजला होता की ट्रॅकपँट वर सरकेना. मार्चमध्ये बास्केटबॉल खेळताना, रिबाउंड (रिंगवरून परत आलेला चेंडू) घेऊन खाली उतरताना त्याच्या गुडघ्यातली गादी फाटली होती, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तीन महिने पळणं नाही, उड्या नाहीत, रोज व्यायाम, त्यानंतर बघू. दादा सत्तेचाळीस वर्षांचा आहे. सहाव्या आठवड्यात तो पट्टा बांधून कोर्टवर उतरला.

सोमवारी सकाळी मी त्याच्याकडे गेले आणि का केलंस असं विचारलं. त्याने काही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. आत्याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज होता, आणि मला तो आधी तीन ठिकाणांहून येऊन गेला होता. मी न वाचता सोडून दिला होता, याची आता चुटपुट लागली आहे. मेसेज असा:

"मायकेल जॉर्डनला शाळेच्या संघातून हाकलून दिलं होतं. पुढे डॉक्टर म्हणाले, आता खेळलास तर पाय कायमचा जाईल. त्याने ऐकलं नाही. तीन वर्षं घरी बसलेला हा माणूस अडतिसाव्या वर्षी एका रात्रीत परतला, सगळ्यात खालच्या संघात गेला आणि एकट्याच्या जोरावर त्यांना विश्वविजेता केलं. दुखणं गुडघ्यात नसतं, मनात असतं. वय हा फक्त आकडा आहे. तुमच्या घरात कोणी हरून बसलं असेल तर त्याला पाठवा."

आत्याने तो दादाच्या काळजीपोटीच पाठवला. तिच्यावर माझा राग नाही. राग हे लिहिणाऱ्यावर आहे, कारण ज्या माणसाचं नाव घेऊन हे लिहिलंय त्याच्या कारकिर्दीचा एकेक सामना नोंदलेला आहे. दादाच्या सामन्यांच्या स्कोअरशीट लिहीत मी लहानाची मोठी झाले. तक्ता कसा वाचायचा ते मला कळतं. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिच्या २००१-०२ च्या हंगामातला जॉर्डनचा सामनावार तक्ता कोणालाही उघडून बघता येतो. माझा बहुतेक सगळा भर त्याच्यावरच आहे.

आधी विश्वविजेतेपद, कारण ते धडधडीत खोटं आहे. जॉर्डन ज्या संघात परतला तो वॉशिंग्टन विझर्ड्स. त्या संघाने एनबीएचं विजेतेपद आजवर एकदाच जिंकलंय, १९७८ साली, तेव्हा त्याचं नाव बुलेट्स होतं आणि जॉर्डन पंधरा वर्षांचा होता. जॉर्डनची सहाही विजेतेपदं शिकागो बुल्सकडून आहेत: १९९१, ९२, ९३ आणि १९९६, ९७, ९८. विझर्ड्सकडून तो दोन हंगाम खेळला. दोन्ही हंगामांत संघाने ३७ सामने जिंकले आणि ४५ हरले. प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या बाद फेरीत, एकदाही पोहोचले नाहीत. तो येण्याच्या आदल्या वर्षी याच संघाने ८२ पैकी फक्त १९ सामने जिंकले होते, त्यामुळे ३७ ही मोठी झेप आहे, हे मी मान्य करते. पण त्याला विजेतेपद म्हणत नाहीत.

"तीन वर्षं घरी बसलेला" हेही तसंच. जानेवारी १९९९ मध्ये त्याने दुसऱ्यांदा निवृत्ती घेतली. जानेवारी २००० मध्ये तो त्याच विझर्ड्सचा भागीदार झाला आणि संघाचा बास्केटबॉल कारभार त्याच्याकडे आला. खेळाडू म्हणून परतायचं तर संघातली भागीदारी सोडणं नियमानं भाग होतं, ती त्याने सोडली. आणि "एका रात्रीत" तर अजिबात नाही. २००१ चा अख्खा उन्हाळा तो शिकागोत एनबीएच्या चालू खेळाडूंबरोबर सराव सामने खेळत होता. सोबत त्याचा अनेक वर्षांचा ट्रेनर टिम ग्रोव्हर होता. त्या सरावात रॉन आर्टेस्टशी टक्कर होऊन त्याच्या बरगड्या मोडल्या, काही आठवडे वाया गेले, आणि ते भरून काढायला शरीरावर घाईघाईने जास्त भार टाकावा लागला. हंगाम सुरू होईपर्यंत गुडघ्यांना टेंडिनायटिसने, म्हणजे स्नायूबंधाच्या सुजेने, धरलं होतं. म्हणजे जगातला सगळ्यात तयारीचा खेळाडू, सगळ्यात चांगली माणसं हाताशी, आणि तरी घाईची किंमत गुडघ्यांनी मोजली.

शाळेचं उरकून टाकते. १९७८ मध्ये विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये दहावीतल्या जॉर्डनला शाळेच्या मुख्य संघात घेतलं नाही, तो कनिष्ठ संघात खेळला. दहावीतली मुलं बहुतेक तिथेच खेळायची. त्याच्या वर्गातल्या ज्या एकाला वरच्या संघात घेतलं तो त्याच्यापेक्षा बराच उंच होता. त्याचं जॉर्डनला वाईट वाटलं हे खरं, पण हाकललं वगैरे कोणी नव्हतं.

आता ते डॉक्टरांचं वाक्य, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

यात अर्ध सत्य आहे, आणि तेच जास्त घातक आहे. डॉक्टरांचा सल्ला न मानून जॉर्डन खरोखर एकदा परतला होता. पण ते २००१ साली नव्हे, १९८६ साली. १९८५-८६ च्या हंगामात तिसऱ्याच सामन्यात त्याच्या पायाच्या पंज्यातलं हाड मोडलं आणि तो ६४ सामने बाहेर होता. हाड पुन्हा मोडण्याची शक्यता दहा टक्के आहे असं डॉक्टर सांगत होते, संघमालकाला त्याने खेळायला नको होतं, आणि जॉर्डनने हट्ट धरला. तो हट्ट काही अटीवर मान्य झाला हे मेसेजवाल्याने गाळलं आहे: सुरुवातीला प्रत्येक अर्ध्यात सातच मिनिटं. घड्याळ लावून. सात मिनिटं झाली की सामना कुठेही असो, जॉर्डन बाकावर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॉस्टनमध्ये त्याने प्लेऑफच्या एका सामन्यात ६३ गुण केले. तो सामना बुल्स दोन जादा वेळांनंतर हरले, पण ते ६३ गुण आजही प्लेऑफचा विक्रम आहेत.

तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. मोडलेलं हाड होतं, आणि हाड वेळ दिली की सांधतं. त्याला तो वेळ मिळालाही होता, ६४ सामन्यांचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी कापलेल्या गादीची गोष्ट तेवीस वर्षांच्या पोराच्या हाडाला जोडून कोणी सांगत असेल, तर त्याला एकतर शरीर कळत नाही किंवा समोरच्याची फिकीर नाही. गुडघ्यातल्या गादीच्या आतल्या भागाला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तो भाग हाडासारखा भरून येत नाही. म्हणून बहुतेकदा फाटलेला तुकडा काढून टाकतात, आणि मग उरलेल्या सांध्यावरचा भार मांडीच्या स्नायूंनी उचलावा लागतो. दादाला दिलेले ते कंटाळवाणे व्यायाम, टॉवेल गुडघ्याखाली दाबायचा, पाय सरळ उचलून दहा मोजायचे, ते याच्यासाठी आहेत. स्नायू तयार नसताना उडी मारली की सगळा दणका थेट सांध्यात जातो, सांधा चिडतो, पाणी धरतो. रविवारी रात्री वहिनीने पाहिलं ते हेच.

आणि आता २००२ चा तक्ता. दादा, हा भाग तू वाचायचाच आहेस.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ऑल-स्टार म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यासाठी हंगाम थांबला तेव्हा विझर्ड्स २६ जिंकले आणि २१ हरले होते. प्लेऑफ दिसत होतं. जॉर्डनचा उजवा गुडघा मात्र सुजत होता, त्यातलं पाणी काढावं लागत होतं. त्या ऑल-स्टार सामन्यात समोर कोणी नसताना, एकटा धावत जाऊन त्याने केलेला डंक (उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये घालणं) चुकला, तेही ज्या माणसाची ओळखच हवेत तरंगण्याची होती त्याच्याकडून. २७ फेब्रुवारीला त्याच्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. फाटलेली गादी. दादा, तुझंच दुखणं. तीन आठवड्यांत, २० मार्चला, तो परत कोर्टवर आला. मेसेज लिहिणाऱ्याला हवा तो क्षण हाच: डॉक्टर, वय, दुखणं सगळं बाजूला सारून जिद्दीने परतलेला योद्धा. मग पुढे काय झालं? तो बाकावरून उतरायला लागला. २ एप्रिलला लेकर्सविरुद्ध तो १२ मिनिटं खेळला आणि त्याचे २ गुण झाले. त्याच्या संपूर्ण एनबीए कारकिर्दीतली एका सामन्यातली सगळ्यात कमी गुणसंख्या. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव जायबंदींच्या यादीत गेलं आणि त्याचा हंगाम संपला. तीन आठवडे विश्रांती, दोन आठवडे खेळ, आणि बंद. ८२ पैकी तो ६० सामने खेळला.

दुखणं मनात असतं तर हे घडलं नसतं. जॉर्डनपेक्षा पक्कं मन त्या खेळात कुणाचं होतं? प्रतिस्पर्ध्याने सहज टाकलेला शब्द वर्षानुवर्षं मनात धरून त्याच्यावर चाळीस गुण लादणारा माणूस होता तो. जिद्दीवर गुडघा बरा होणार असता तर सगळ्यात आधी त्याचा झाला असता. त्याचा झाला नाही. मग माझ्या भावाला कोण सांगतं की तुझं मन कमकुवत आहे म्हणून तुझा पाय दुखतोय?

दुखणं मनात असतं, हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. कारण दादा सोमवारी नेमकं हेच बोलला. म्हणाला, "माझ्यातच दम राहिला नाही गं." एक वर्षही सराव न चुकवलेला माणूस, पावसाळ्यात कोर्टवरचं पाणी खराट्याने काढून खेळणारा माणूस, एका फुकटच्या मेसेजपायी स्वतःला दमहीन समजायला लागला. प्रेरणा म्हणून पाठवलेल्या या ओळी जायबंदी माणसाला दोनच रस्ते देतात: पाय मोडून घे, नाहीतर स्वतःला भेकड म्हण.

वयाबद्दल आता माझ्या बाजूचं नसलेलंही सांगते, नाहीतर मीही त्या मेसेजवाल्यासारखीच निवडून सांगतेय असं होईल. २७ डिसेंबर २००१ ला इंडियानात जॉर्डनचे ६ गुण झाले. सलग ८६६ सामने त्याने किमान दहा गुण केले होते, ती साखळी तिथे तुटली. दोनच दिवसांनी शार्लटविरुद्ध त्याने ५१ केले. अडतिसाव्या वर्षी. पुढच्या हंगामात तो सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला, सरासरी २० गुण, आणि २१ फेब्रुवारी २००३ ला, चाळिशी ओलांडून चार दिवस झाले असताना, न्यू जर्सीविरुद्ध ४३. चाळिशीत चाळीसच्या वर गुण करणारा तो एनबीएतला पहिला. हे आकडे बघून आजही माझ्या अंगावर काटा येतो. पहिल्या हंगामाचा अख्खा पगार त्याने ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या पीडितांसाठी दिला, तेही खरं.

पण ते ८२ सामने कसे झाले ते बघा. एप्रिलपासून पुढच्या हंगामापर्यंत त्याने गुडघ्याला अख्खा उन्हाळा दिला, आणि हंगामाची सुरुवात केली ती राखीव खेळाडू म्हणून, बाकावरून, मिनिटं मोजून. मायकेल जॉर्डन बाकावर बसला आणि आपल्यापेक्षा कितीतरी कमी नाव असलेल्या पोरांनी सामना सुरू करताना बघत राहिला. खेळही बदलला. रिंगवर झेपावणं कमी, मधल्या अंतरावरून मागे झुकून मारलेला जंप शॉट जास्त. शिकागोत त्याची सरासरी ३१.५ होती, वॉशिंग्टनमधल्या पहिल्या हंगामात २२.९, दुसऱ्यात २०. वय हा फक्त आकडा असेल तर हे तीन आकडेही वाचायला हवेत. त्याने वय नाकारलं नाही. पहिल्या वर्षी नाकारून बघितलं आणि १२ मिनिटं, २ गुणांवर येऊन थांबला. दुसऱ्या वर्षी मान्य केलं आणि १६ एप्रिल २००३ ला फिलाडेल्फियात शेवटचा सामना स्वतःच्या पायांवर खेळून गेला.

"एकट्याच्या जोरावर" याला मी उत्तर देत बसत नाही. बास्केटबॉल पाच जण खेळतात.

आत्याला मी मंगळवारी फोन केला. तिला वाटलं मी भांडायला केला. तिला २ एप्रिलचं सगळं सांगितलं, तीन आठवडे आणि दोन आठवडे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, मला वाटलं त्याला उभारी येईल." ग्रुपवरून मेसेज काढता येत नाही एवढ्या उशिरा, म्हणून तिने त्याच्याखाली लिहिलं: हे खरं नाही, कोणी पुढे पाठवू नका.

दादा, फाटलेल्या जागी पुन्हा काही झालेलं नाही असं डॉक्टर म्हणालेत, पाणी उतरलं की व्यायाम पहिल्यापासून. गुरुवारी चार वाजता फिजिओ आहे. वहिनीला सुट्टी मिळत नाहीये, मी गाडी घेऊन साडेतीनला खाली येते. तो टॉवेल बरोबर घे.