फुकट मिळण्यापेक्षा मोठा फायदा
मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वापरता येतो असे सॉफ्टवेअर, याविषयी मी वाचलेल्या एका लेखात त्याचा मुख्य फायदा म्हणून परवाना शुल्काच्या बचतीवर भर दिला आहे. ती बचत खरी असली, तरी असे सॉफ्टवेअर एकाच कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. २०१० मध्ये ओपनऑफिस हे कार्यालयीन कामाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सन मायक्रोसिस्टिम्स या त्याच्या मालक कंपनीबरोबर ओरॅकल या कंपनीकडे गेल्यानंतर अस्वस्थ झालेल्या विकसकांनी त्याच कोडवरून लिब्रेऑफिस उभे केले आणि लोकांच्या जुन्या फायली पूर्वीसारख्याच उघडत राहिल्या. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा मार्गच उपलब्ध नसतो. सुरक्षिततेचा दावा मात्र जपून करायला हवा. कोड खुला आहे म्हणून तो कोणीतरी तपासतोच असे नाही; इंटरनेटवरील माहितीची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड ही त्रुटी २०१४ मध्ये उघडकीस येईपर्यंत सुमारे दोन वर्षे तशीच राहिली होती. तरीही २०२४ मध्ये फायलींचा आकार कमी करणाऱ्या एक्सझेड युटिल्स या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा (संगणकात गुपचूप शिरण्याची वाट) एका अभियंत्याला सापडला, कारण लॉगिनला सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो याच्या मुळाशी जाण्याची मुभा त्याला कोड खुला असल्यामुळे होती. अशा प्रकल्पांची देखभाल अनेकदा एकदोन माणसे विनामोबदला करत असतात. वाचलेल्या शुल्कातला काही वाटा संस्थांनी त्यांच्यापर्यंत पोहोचवावा, असे मला मनापासून वाटते.