मिसळीची यादी मागू नका, बुधवारी पेठेत या

सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे मेसेज सुरू होतात. "शनिवार-रविवार कोल्हापूरला येतोय. अंबाबाईचं दर्शन झालं की मिसळ कुठं खाऊ? जेवायला कुठं? चप्पल कुठून घेऊ?" मी मंगळवार पेठेत राहते. माहेर शिवाजी पेठेतलं, म्हणजे इथल्या लोकांच्या मते मी फार लांबून आलेली सून. एवढी वर्षं याच गल्ल्यांतून पिशवी घेऊन फिरल्यावर दुकानं आणि हॉटेलं या विषयावर मला बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजून आज सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

दुकान चांगलं की नाही हे ओळखायला माझ्याकडं एकच माप आहे. बुधवारी दुपारी तिथं पेठेतलं कोण दिसतं? रविवारी रांग कुठंही लागते. गाडी लावायला जागा असली आणि पाटीवर 'अस्सल', 'झणझणीत', 'रांगडी' यातलं काहीतरी लिहिलं असलं की गर्दी होते. पण बुधवारी बाहेर लावलेल्या गाड्यांत एमएच 09, म्हणजे कोल्हापूरच्या, किती, आत कुणी रिक्षावाले मामा, कुणी शाळेतल्या बाई, कुणी हातात डबा घेऊन उभा असलेला पोरगा आहे का, ते बघा. रोजचं गिऱ्हाईक बोलून दाखवत नाही. चव बिघडली की ते गुपचूप दुसऱ्या गल्लीत जातं.

आता मिसळ. फडतरे, चोरगे, बावडा, खासबाग, ही नावं तुम्हाला माहीत आहेत, मी नव्यानं काय सांगणार? यांतलं भारी कोण यावरून आमच्या घरातच दोन पार्ट्या आहेत. बाहेरच्यांना एवढंच सांगते की फडतरेंची मिसळ उद्यमनगरात का, याचा थोडा विचार करा. लेथ, फाउंड्री, वर्कशॉपचा भाग तो. तिथल्या कामगाराला सकाळी पोटभर, स्वस्त आणि पटकन मिळेल असं खाणं लागायचं. मिसळ हा या गावात कामाला जाणाऱ्या माणसाचा नाष्टा आहे. म्हणून बऱ्याच ठिकाणी दुपार झाली की पातेलं रिकामं होतं. संध्याकाळी सहाला येऊन "मिसळ संपली म्हणजे काय?" असं विचारणाऱ्या पाहुण्यांना मी काय सांगू?

आणि इथं मिसळीबरोबर ब्रेड येतो, स्लाइस. पाव मागितलात की वाढणारा आधी तुमच्याकडं बघतो, मग तुमच्या गाडीकडं. कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, परत मागायचा, तो येतोच. हल्ली काही नव्या एसी ठिकाणी जादा कटाचे वेगळे पैसे लावतात. तिथं मी एकदा गेले, बिल दिलं आणि परत गेले नाही. नाव घेत नाही. ज्याला कटाचा हिशेब ठेवावासा वाटतो त्यानं खुशाल पिझ्झा विकावा.

माझ्या लहानपणी बायका मिसळीच्या हॉटेलात बसत नव्हत्या. कुणी बंदी घातली नव्हती, पण बसत नव्हत्या. किटली देऊन भावाला पाठवायचं, तो कट घेऊन यायचा, फरसाण वेगळं कागदात, ब्रेड बेकरीतून. आता सकाळी चालून झालं की आम्ही मैत्रिणी ऐटीत टेबल धरून बसतो. मालकाची आई गल्ल्यावरून ओरडते, "वहिनीस्नी कांदा द्या रे!" पेठेतली ही सुधारणा मला मेट्रो-मॉलपेक्षा मोठी वाटते.

तिखटाबद्दल एक तक्रार आहे आणि ती पाहुण्यांबद्दल आहे. तुम्ही लोक रंग बघून तिखट ठरवता. हायवेवरच्या हॉटेलांनी ते बरोबर ओळखलंय. वर बोटभर लाल तेल, खाली पाणी. खाताना जीभ भाजते, नंतर दिवसभर पोट, आणि तुम्ही खूश, की 'कोल्हापुरी' खाल्लं! घरच्या रश्शाला तसला भडकपणा नसतो. त्याला चटणी लागते. चटणी म्हणजे आमची कांदा-लसणाची, आणि ती बनते डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटून देणाऱ्या गिरणीत.

या पोस्टमध्ये मला खरं म्हणजे डंकाबद्दलच लिहायचं होतं. कुठल्याही यादीत तो येत नाही, कारण तिथं खायला काही मिळत नाही आणि फोटोही चांगला येत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात गच्चीवर मिरची वाळते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा जवारी. कुणाचं प्रमाण काय हे त्या त्या घराचं गुपित. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, दगडफूल, नाकेशर, सगळं घरी भाजून-तळून डब्यांत भरायचं आणि डंकावर नंबर लावायचा. लोखंडी मुसळ धाडधाड पडत असतं, डोळ्यांतून पाणी, नाकाला पदर आणि तशातही गप्पा चालूच. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या सुनेनं नोकरी सोडली, कुठल्या कॉलनीत पाणी येत नाही, सगळं तिथं कळतं.

आमचे डंकवाले मामा कमी बोलतात. मिरची हातात घेऊन नुसती मोडून बघतात. मागच्या उन्हाळ्यात माझ्या पुढच्या बाईंची मिरची त्यांनी परत केली. "वहिनी, कडाडली न्हाई अजून. आनि एक ऊन द्या." त्या म्हणाल्या, "मामा, मुलगा उद्या पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर पाठवायची आहे." मामा म्हणाले, "बुरशी धरली की पोरगं माझं नाव काढंल." आणि डबा बाजूला ठेवला. हातचं गिऱ्हाईक परत लावणारा दुकानदार तुमच्या शहरात शेवटचा कधी भेटला?

आता तयार चटणीची पाकिटं मिळतात, काही चांगलीही असतात. माझी सून तीच आणते आणि त्यावरून मी तिला एक शब्द बोलत नाही, कारण उन्हातान्हात मिरचीची देठं खुडायचं काम मीच केलंय आणि त्यात काय मजा असते मला ठाऊक आहे. पण डंक एकेक करून बंद होताहेत. मिरची वर्षातून एकदा. बाकीचे महिने हळद, मसाले, शिकेकाई. तेवढ्यावर गाळ्याचं भाडं निघत नाही. मामांचा मुलगा मोबाइल दुरुस्ती करतो.

जेवणाचं विचारता तर मटणाच्या थाळीसाठी पद्मा गेस्ट हाऊस, ओपल, देहाती ही नावं गावात कुणीही सांगेल. मी पाहुण्यांना एवढंच सांगते की पांढऱ्या रश्शावरून हॉटेल जोखा. तांबडा बिघडला तरी चटणी झाकून घेते, पांढऱ्याला लपायला जागा नाही. मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, नारळाचं दूध, खसखस, थोडे काजू नाहीतर तीळ, खडा मसाला. लाल मिरची औषधालाही नाही. अळणी खरं असेल तर वाटी तोंडाला लावल्याबरोबर कळतं. कॉर्नफ्लोअर घातलेला पांढरा रस्साही मी प्यायलेय, वाटीच्या कडेला खळ धरल्यासारखा चिकटला होता. तिथं आता रविवारी तासभर वेटिंग असतं म्हणे.

मटणाच्या दुकानाबद्दल आम्ही किती गंभीर आहोत हे 2019 च्या अखेरीस सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. दर वाढले म्हणून गाव रस्त्यावर उतरलं, तालमी पुढं आल्या, बैठका झाल्या, दुकानं बंद राहिली, शेवटी प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. बाहेरचे लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. भाजीपाला, गॅस, शाळेची फी, सगळ्याचे दर वाढतात आणि आपण मुकाट देतो. एका तरी गोष्टीवर गिऱ्हाईक एकत्र आलं. माझा स्वतःचा मटणवाला तेव्हा दुसऱ्या बाजूला होता आणि त्याचंही खोटं नव्हतं. बकरंच महाग मिळत होतं, तर तो कुठून स्वस्त देणार? महिनाभर आम्ही एकमेकांशी तुटक बोललो. मग पाहुणे आले, मी गेले, त्यानं न विचारता मांडीचं आणि थोडं चापाचं तोडून दिलं. विषय संपला.

संध्याकाळचं सांगते. खासबागेच्या कुस्ती मैदानाजवळ राजाभाऊंची भेळ आहे, ती तुम्हाला माहीत असेलच. पण त्या खाऊगल्लीला आणि शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला मी कायम एकत्रच बघत आले. नाटक सुटलं की माणसं थेट भेळेवर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृह जळालं तेव्हा गाव रडलं, बातम्या झाल्या. त्यानंतर रात्री साडेनऊनंतर त्या बाजूची वर्दळ कशी उतरली यावर मात्र कुणी लिहिलं नाही. हॉटेल-गाडे स्वतःच्या चवीवर चालतात हे अर्धंच खरं. शेजारी नाटक लागतं, कुस्ती होते, फुटबॉलची मॅच सुटते, त्यावरही चालतात. पाटाकडील तालीम ही इथली फुटबॉलची टीम. ती जिंकली की आमच्या चौकातल्या चहावाल्याचं दूध संपतं, आणि हरली की त्याहून लवकर संपतं, कारण हरल्यावर चर्चा जास्त.

दुधावरून आठवलं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या. म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली, फेसासकट पेला हातात. डॉक्टर मंडळी कच्च्या दुधाबद्दल बोलतील, आणि बरोबरच बोलतील, त्यामुळं पिणं-न पिणं तुम्ही ठरवा. बघायला तरी न्याच. दूध पिशवीत उगवत नाही एवढं तरी पोरांना कळेल.

चप्पल. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपलंच पायताण दाखवलं आणि कोल्हापूरचं नाव घ्यायला विसरले, त्यावरून झालेला गोंधळ तुम्ही वाचलाय. 2019 पासून या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, कोल्हापूर-सांगली-सातारा-सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. नंतर प्राडाची माणसं इथं येऊनही गेली. छान. पण आपण तरी काय करतो? चप्पल लाइनला येऊन सगळ्यात हलकी, सगळ्यात चकचकीत आणि सगळ्यात स्वस्त जोडी उचलतो. ती बऱ्याचदा रेक्झिनची निघते. खरी हातात जड लागते, चामड्याचा वास येतो, खिळा नसतो, शिलाई चामड्याच्याच वादीनं केलेली असते. पहिले काही दिवस चावते. तेल द्यावं लागतं, पावसात घालायची नाही. दुकानदाराला सरळ विचारा, "मामा, ही कुठं झाली?" कुठल्या गावच्या कारागिराची ते नीट सांगितलं तर घ्या, 'सगळी सेमच असत्यात' म्हणाला तर पुढच्या दुकानात चला. आणि मोलभाव थोडा कमी करा. शोरूममध्ये आपण टॅग वाचून गप्प पैसे देतोच की.

किराण्याचं पाहुण्यांना काही पडलेलं नाही, तरी लिहिते. मीही महिन्याचं सामान मॉलमधून आणते, खोटं कशाला बोलू. तिथं स्वस्त पडतं. पण ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, गावात दूध येईना, पेट्रोल मिळेना, नळाला पाणी नाही, तेव्हा मॉलच्या शेल्फांवर काही उरलं नव्हतं. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदारानं शटर अर्धं ओढून घरटी मोजून तांदूळ, मेणबत्त्या आणि काडेपेटी दिली. कुणाला जास्त नाही, कुणाला परत नाही. भाव तोच. 2021 च्या पुरातही तसंच. त्यामुळं कोथिंबीर-मिरचीच्या फोडणीपासून बाळाच्या बिस्किटांपर्यंत मधलं सगळं मी त्याच्याकडूनच घेते, दोन रुपये जास्त गेले तरी.

आता हे सगळं आजच का लिहिलं? अंबाबाई मंदिर परिसराचा 1,445 कोटींचा आराखडा मे 2025 मध्ये मंजूर झाला. दर्शन सोपं व्हावं, गर्दीत कुणाचा जीव जाऊ नये, हे कुणाला नकोय? गाभाऱ्यापर्यंत पोचताना घुसमटलेल्या म्हाताऱ्या बायका मीही बघितल्यात. पण महाद्वार रोड, ताराबाई रोड, गुजरी, जोतिबा रोड हा नुसता देवळाचा परिसर नाही, ती आमची मंडई आहे. कपिलतीर्थाला खेड्यांतून येणाऱ्या भाजीवाल्या मावशी बसतात, पलीकडं पापाच्या तिकटीला कूकरची शिट्टी आणि पितळेची कढई मिळते. कासार आहेत, हार-फुलांचे आहेत, रेडिमेड झबली विकणारे आहेत. आराखड्याच्या चर्चेत मी 'भाविकांच्या सोयी' पुष्कळ ऐकल्या, वाहनतळ ऐकला. बुधवारचं गिऱ्हाईक कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

जुनी दुकानं हलवून नवे गाळे होतील ते मोठ्या भाड्याचे असतील. त्या भाड्यात पेढे, फोटो फ्रेम आणि 'कोल्हापुरी' मसाल्याची पाकिटं विकून परवडेल. मेथीची जुडी विकून परवडणार नाही. म्हणून पालकमंत्र्यांना, महापालिकेला आणि सल्लागार कंपनीला माझं सांगणं आहे की पुनर्वसनाच्या बैठकीला दुकानमालकांबरोबर पेठेतल्या बायकाही बोलवा. भाजीवाल्या मावशी कुठं बसणार आणि किती भाड्यात, हे आधी लिहून द्या. वाहनतळाचा नकाशा त्यानंतर दाखवा.

आणि कमेंटमध्ये मटणवाल्याचं नाव विचारू नका. रविवारी तिथं आधीच रांग असते.