बॉल पायथनला छोटा टबच बरा? अजिबात नाही

"बॉल पायथनला मोठा टँक देऊ नका, घाबरतो, खाणं सोडतो, झाकणाचा प्लॅस्टिक टब हेच त्याचं खरं घर" असा मेसेज बॉल पायथन (आफ्रिकेतला, घरी पाळला जाणारा छोटा अजगर) ठेवणाऱ्यांत सध्या जो तो पुढे ढकलतोय. त्या मेसेजखाली सहा मुद्दे, एकदम ठासून लिहिलेले, त्यामुळे नवीन पोरं लगेच माना डोलावतात. एकेक घेऊ.

पहिला म्हणे हे साप आफ्रिकेत वारुळात नि उंदरांच्या बिळातच राहतात, जागा लागतच नाही. अर्धं खरंय. घाना, टोगो, बेनिनकडचा हा साप दिवसा बिळात दडून बसतो, पण रात्री बाहेर पडतो, हिंडतो, झाडावरपण चढतो. आग्नेय नायजेरियातल्या सापांवर १९९८ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात नरांच्या खाण्यात पक्षीच जास्त निघाले. आता पक्षी काय वारुळात येऊन बसतात होय?

दुसरा, मोठ्या जागेत स्ट्रेस येतो. हा सगळ्यात जास्त चालतो कारण लोकांना तसा अनुभव खरंच येतो. पण होतं काय, चार फुटी टँक आणायचा, त्यात पाण्याचं एक भांडं, मधोमध एकच हाइड (सापाला लपायची खोपी), चारही बाजूंनी उघडी काच आणि तो ठेवायचा हॉलमध्ये टीव्हीशेजारी, मग साप घाबरणार नाही तर काय. त्रास उघडेपणाचा आहे, मापाचा नाही. गरम बाजूला एक हाइड, थंड बाजूला एक, दोन्ही इतके अडचणीचे की वेटोळं घातलं की अंग भिंतींना टेकलं पाहिजे, मधे फांद्या, पानं, सालीचे तुकडे, तीन बाजूंना बाहेरून काळा कागद, एवढं करा आणि मग सांगा. आणि नवीन घरी आल्यावर काही आठवडे न खाणं, किंवा ब्रीडिंग सीझनमध्ये नराने महिनोन्महिने तोंड न लावणं हे या जातीत नेहमीचंच, ते टँकच्या माथी मारू नका.

तिसरा, मोठे ब्रीडर टबच वापरतात. वापरतात ना, एका खोलीत शेकडो साप ठेवायचे तर रॅकच (टब सरकवून ठेवायची मांडणी) लागणार, ती त्यांची सोय. टब वाईट नाही, ओलावा टिकतो, क्वारंटाइनला किंवा पिल्लाला छानच. पण मादी चार-साडेचार फूट होते, तिने जन्मभर सरळ लांब व्हायचंच नाही का? आणि जन्म म्हणजे वीस-तीस वर्षं, सेंट लुईसच्या झूमध्ये तर २०२० साली साठीच्या पुढच्या मादीने अंडी घातली. मोठ्या सापाला कमीत कमी ४ बाय २ बाय २ फूट, यात घासाघीस नको.

चौथा, टबाला पर्याय म्हणून माशांची टाकी, वर जाळी, खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), झालं. इथे खरा घोळ. पूर्ण जाळीतून ओलावा उडून जातो, याला ६० ते ८० टक्के लागतो. तो नसला की कात तुकड्या-तुकड्यांनी निघते, डोळ्यावरचा पापुद्रा तसाच चिकटून राहतो. सगळं नीट असेल तर कात उलट्या काढलेल्या मोज्यासारखी अख्खी निघते. मुंबईत पावसाळ्यात ओलावा फुकट मिळतो, अकोल्यात एप्रिलमध्ये जाळीवर ओला टॉवेल टाकूनसुद्धा पुरत नाही, तिथे बंद छताची, समोरून काच सरकणारी पेटीच घ्या. हीट मॅटला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारं यंत्र) नसेल तर पोट भाजतं. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरीचं टोक) हवेत लटकवू नका, मॅट तापते तिथेच पक्का बसवा, आणि वेगळ्या थर्मामीटरने गरम हाइडच्या आतलं तापमान बघा. गरम बाजू ३१-३३ डिग्री, थंड २४-२७. परदेशी गाइडमध्ये एक गोष्ट सहसा नसते, मे महिन्यात आपली खोलीच ३५ ला जाते, तेव्हा थंड बाजू उरतच नाही, हीटर बंद करून खोलीच गार करावी लागते.

पाचवा, "याच टबात धामण, मांडूळपण राहतात." हा सरळ गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा वाचा. बॉल पायथनचीसुद्धा २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते.

सहावा, झाकणाला क्लिप असल्या की पुरे. नाही पुरत. साप रात्रभर नाकाने कडा ढोसत बसतो आणि एक कोपरा जरी सैल लागला तरी निसटतो. मग सोसायटीच्या जिन्यात तो जाडजूड, ठिपक्याठिपक्यांचा साप दिसला की घोणस घोणस म्हणून लोक काठ्याच काढणार, सर्पमित्र पोचेपर्यंत खेळ खलास. म्हणून काचेला कुलूप लावा आणि वायर आत जाते ते भोकही बुजवा.