तोंड न उघडता इंग्रजी शिका, तेही फुकट

सोलापुरात वर्ष एक जानेवारीला सुरू होत नाही, गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा, उठल्यावर होतं. तर गड्डा उठला की इंग्रजी सुधारायचं, क्लास न लावता, नेटवरून, घरबसल्या, असं तुम्ही ठरवलं असेल तर अभिनंदन. मी हे सहा वर्षं दर जानेवारीत ठरवतोय, त्यामुळे या विषयात माझा अनुभव दांडगा आहे आणि तो फुकट देतोय, नंतर म्हणू नका कोणी सांगितलं नाही.

आधी वही. नवी पेठेतून चांगली जाड दोनशे पानी घ्या, ब्राऊन पेपरचं कव्हर घाला, पहिल्या पानावर 'श्री' आणि खाली 'माय इंग्लिश जर्नी'. दुसऱ्या पानावर पट्टीने बारा काळांचा तक्ता आखा, हेल्पिंग व्हर्ब लाल पेनने. फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअसपर्यंत पोचायला फेब्रुवारी उजाडतो, मग जरा दमल्यासारखं होतं, मग मार्चएंड, मग मे महिन्यात ४३ डिग्रीत कोण अभ्यास करतंय. पुढच्या वर्षी नवीन वही, तोच तक्ता. माझ्याकडे असे सहा तक्ते आहेत आणि फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस बोलायची वेळ अजून एकदाही आलेली नाही, आली तर मी तयार आहे.

मग मोबाईल. ॲप एकच टाकू नका, एकाने काय होतंय, निदान सात टाका. हिरव्या घुबडाचं डुओलिंगो तर पाहिजेच, २०१२ पासून सगळं जग त्या घुबडाच्या धाकात आहे, आपण कोण मोठे लागून गेलो. हिंदीतून इंग्रजी शिकवतंय ते. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही पण घुबडाचं नोटिफिकेशन रोज न चुकता येतं, तेवढ्यासाठी तरी त्याला मान द्यायला पाहिजे. स्ट्रीक, म्हणजे न चुकता धडा केल्याचे सलग दिवस, ती तुटू द्यायची नाही, बाकी काही नाही झालं तरी चालेल. रात्री पावणेबाराला अंथरुणात आडवं पडून तोच जुना सोपा धडा, मुलगा सफरचंद खातो, झालं. माझी स्ट्रीक २१४ दिवसांची झाली, मुलगा अजून खातोय.

ऐकायचं म्हणाल तर बीबीसीवाले १९४३ पासून रेडिओवरून इंग्रजी शिकवतात, आता सगळं नेटवर फुकट. 'सिक्स मिनिट इंग्लिश' म्हणून आहे, सहा मिनिटांचं बोलणं आणि सोबत ते सगळं लिहून दिलेलं, म्हणजे आधी नुसतं ऐकायचं, मग वाचून बघायचं की कान कुठे फसले, मग परत ऐकायचं. यात धोका आहे, कारण असं केलं तर खरंच समजायला लागतं. म्हणून एक भाग तीनदा ऐकण्यापेक्षा तीनशे भाग डाउनलोड करा आणि एकही ऐकू नका, मेमरी फुल झाल्याचं समाधान वेगळंच असतं.

आणि व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकन रेडिओचं तर बघूच नका. त्यांनी १९५९ मध्ये स्पेशल इंग्लिश नावाचा प्रकार काढला होता, साधारण दीड हजार शब्दांत जगाच्या बातम्या, त्याही मुद्दाम सावकाश वाचलेल्या. दीड हजार! युद्धं, निवडणुका, चंद्रावरचा माणूस, सगळं तेवढ्यात सांगून झालं. त्याचे जुने भाग यूट्यूबवर पडलेत, पण ही गोष्ट बाहेर फुटली तर आपण व्हॉट्सॲपवरून गोळा केलेल्या दहा हजार शब्दांच्या पीडीएफला कोण विचारणार.

शब्द पाठ करायला अँकी नावाचं ॲप आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून माणूस किती झपाट्याने विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं, अँकी त्याच वाटेने जातं, शब्द विसरायच्या बेतात आला की परत समोर आणून उभा करतं. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात, पण आयफोनवाल्यांना इंग्रजी येत असणार असं आपण धरून चालू. रोज शब्दांची वीस नवीन कार्डं ते आपणहून देतं. तुम्ही वीसची शंभर करा, चार दिवस जोरात करा, पाचव्या दिवशी लग्नाला जा. परत आलात की साचलेली कार्डं बघून ॲप बंद करायला कारण तयार. शब्द निवडतानाही जपा, 'ड्यू', 'पेंडिंग', 'पोस्टपोन' असले उद्या ऑफिसात लागणारे नकोत, 'क्विक्सॉटिक' घ्या. अशोक चौकात तो कुठे वापरायचा ते नंतर बघू.

उच्चाराच्या भानगडीत पडू नका. केंब्रिजच्या फुकट डिक्शनरीत शब्दाजवळ स्पीकरची दोन चित्रं असतात, एक ब्रिटिश, एक अमेरिकन. दाबलंत की संपलं. रिसीटमधला पी आणि डेटमधला (कर्जवाला डेट, तारखेचा नव्हे) बी जन्मापासून पगारी रजेवर आहेत, फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्या 'फो'वर आणि फोटोग्राफर म्हणताना तो पुढच्या अक्षरावर सरकतो, हे सगळं कळतं आणि मग दहावीपासून आपण काय काय म्हणत आलो ते आठवून रात्री झोप लागत नाही.

आता तर एआय आहे, फुकट. त्याला 'साहेबांना रजेचा मेल लिहून दे' एवढंच म्हणायचं. 'मी लिहिलाय, चुका दाखव आणि का चुकलं ते सांग' असं चुकूनही म्हणू नका, ते बिचारं न कंटाळता समजावत बसतं, हसत पण नाही. माझे मेल आता इतके भारी जातात की साहेबांनी परवा केबिनमध्ये बोलावून इंग्रजीत दोन प्रश्न विचारले. मी येस सर म्हणून बाहेर आलो. प्रश्न 'का उशीर झाला' असा होता.

कोणीतरी हमखास डॉक्टर कोटणीसांचं उदाहरण देणार. भैया चौकात स्मारक आहे, जाता येता दिसतं. १९१० साली सोलापुरात जन्मलेला माणूस १९३८ मध्ये चीनला गेला, तिथे जखमींवर उपचार करता करता चिनी बोलायला शिकला, ॲप नाही, वही नाही, गड्ड्यानंतरचा मुहूर्त नाही. असं कोणी ऐकवलं की शांतपणे सांगायचं, त्यांना काय बे, त्यांना डिस्टर्बन्स नव्हता, नुसतं युद्ध होतं.

सगळ्यात जपायचं ते दुकानदारांपासून. गेल्या महिन्यात पाहुण्यांना चादरी घ्यायला गेलो होतो. दुकानातले मामा घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाईकाशी कानडी, माझ्याशी मराठी, पोराला हाक मारताना हिंदी. त्यांचं मराठी 'ती आला, तो आली' असं चालतं, त्याला जन्मात कोणी हसलं नाही, आम्हीही त्यांच्याशी मोडकंतोडकं तेलुगू ठोकतो, तेही हसत नाहीत. तेवढ्यात चेन्नईकडचं एक कुटुंब आलं, हिंदी अजिबात नाही, इंग्रजीत विचारायला लागलं. मी मनात वाक्य जुळवायला घेतलं, प्रेझेंट परफेक्ट का सिंपल पास्ट. मामा सुरू झाले, 'मॅडम, दिस प्युअर कॉटन. यू वॉश थ्री टाइम, मोअर सॉफ्ट. कलर गो, यू कम, आय गिव्ह न्यू.' चार चादरी, सहा टॉवेल, वर बाईंनी रंग किती दिवस टिकतो विचारलं तर मामांनी स्वतःच्या घरातली अकरा वर्षांची चादर काढून दाखवली, हातवारे वेगळेच. मी त्यांच्या बोलण्यात सात चुका मोजल्या. नंतर मामांनी विचारलं, 'तुमी इंग्लिश शिकलालाव म्हणे, काय तर बोलायचं की.' मी म्हणालो, अजून तयारी चालू आहे.

असो. पावणेबारा झालेत, घुबडाने दोनदा आठवण काढली. आज बोलायचा धडा आलाय, माईकचं बटण दाबून मोठ्याने म्हणायचं, मुलगा सफरचंद खातो. घरची मंडळी तुळजापूरला गेलीत, घरात मी एकटाच. खाली बारीक अक्षरात एक बटण असतं, 'आत्ता बोलू शकत नाही'. ते दाबलं. स्ट्रीक २१५.