रॉकेट फुटलं हे खरं, बाकी पोस्ट फुसकी

जून २०२५ मध्ये निघालेली एक पोस्ट अजून मरायला तयार नाही. परवा ती आमच्या पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर पुन्हा उगवली. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेत खासगी कंपनीचं रॉकेट उडायच्या आधीच फुटलं. इंजिन चालू केलं आणि भडका! जे जमिनीवर टिकत नाही ते माणसं काय नेणार? सरकारी संस्थांचं असं कधी होत नाही, इस्रोचं तर नाहीच. आपल्याकडच्या खासगी रॉकेट कंपन्यांना आत्ताच कुलूप लावा.’ सोबत एक व्हिडिओ, आणि खाली अंगठ्यांची ही रांग.

मी रॉकेट बनवत नाही. उद्यमनगरात पंपाची आणि व्हॉल्व्हची कास्टिंगं, म्हणजे ओतीव भाग, दाबाखाली तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. पण दाबाखाली वस्तू का फुटते, एवढं त्यातून कळतं. म्हणून हे लिहितोय.

आधी व्हिडिओ. त्यात भर दुपारी एक रॉकेट वर जातं, आडवं होतं आणि हिरव्या डोंगरात पडून पेटतं. पोस्टमधली घटना टेक्सासच्या किनाऱ्यावरची आहे. तिथली जमीन ताटासारखी सपाट, आणि स्फोट झाला १८ जूनला रात्री अकराच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे १९ तारखेला सकाळी साडेनऊला. पन्हाळा, जोतिबा बघत वाढलेल्या माणसाला सपाट रानात डोंगर दिसला तर शंका यायला हवी होती, बाबांनो. व्हिडिओ चीनच्या हनान प्रांतातला आहे, ३० जून २०२४ चा. तिथल्या एका खासगी कंपनीचं तियानलाँग-३ नुसतं बांधून पेटवायचं होतं. पण बांधणीचा जोड तुटला आणि ते सुटून उडालं.

‘इंजिन चालू केलं आणि भडका’ हेही चूक. पोस्टमधली खासगी कंपनी म्हणजे स्पेसएक्स. तिच्या स्टारशिप रॉकेटचा वरचा टप्पा, शिप ३६, सहा इंजिनांच्या स्टॅटिक फायरसाठी उभा होता. स्टॅटिक फायर म्हणजे रॉकेट जागेवर धरून इंजिनं पेटवून बघणं. दोनच दिवस आधी त्यातलं एक इंजिन व्यवस्थित पेटलं होतं. त्या रात्री द्रव मिथेन आणि द्रव ऑक्सिजन भरणं चालू होतं, इंजिनांची पाळी आलीच नव्हती. फुटली ती वर नाकाच्या बाजूला बसवलेली नायट्रोजनची टाकी. अशा टाकीला आत अस्तर असतं आणि बाहेरून कार्बनच्या धाग्यांची घट्ट गुंडाळी. तिला सीओपीव्ही म्हणतात. टाकी गेली, तिच्यामागे इंधनाच्या टाक्या गेल्या आणि मग आगीचा तो गोळा.

आता ‘जमिनीवर टिकत नाही’ हा मुद्दा. इथे मला जरा थांबायचंय, कारण पोस्टवाल्यांचं तर चुकतंच, पण ‘टेस्टिंगमध्ये फुटलं म्हणजे यशच’ असं म्हणणारे कंपनीचे चाहतेही चुकतात.

आमच्याकडे कास्टिंगच्या आत पाणी भरून दाब देतात, बहुतेक वेळा कामाच्या दाबाच्या दीडपट. पाणीच का? पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, त्यामुळे कास्टिंगला चीर गेली की एक पिचकारी उडते आणि काटा खाली येतो. संपलं. तेच हवा भरून केलं तर दाबलेली हवा स्प्रिंगसारखी सुटते आणि तुकडे भिंतीत घुसतात. नवीन असताना आम्ही एकदा पाण्याऐवजी कॉम्प्रेसर लावायचा आळशीपणा केला होता. फोरमननी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रॉकेटला ही सोय नाही. त्याला नायट्रोजन, हेलियम असे वायूच प्रचंड दाबाने कोंबून सोबत न्यावे लागतात.

आणि फुटण्यातही दोन जाती आहेत. नवीन डिझाइन मुद्दाम फुटेपर्यंत ताणलं, तर फुटणं हीच माहिती. पण पास केलेला तुकडा कमी दाबाला फुटला, तर ती तपासणीची चूक. शिप ३६ ची टाकी तिच्या प्रूफ प्रेशरच्या, म्हणजे तपासणीत सोसायच्या दाबाच्या, आतच फुटली, हे कंपनीच्या प्रमुखानेच दुसऱ्या दिवशी सांगितलं. नंतर कंपनीने कारण दिलं ते टाकीला आधीच झालेल्या, तपासणीत न सापडलेल्या नुकसानीचं. कास्टिंगला आतून ब्लोहोल, म्हणजे वायूचा पोकळ बुडबुडा, असावं आणि वरून पॉलिश चकचकीत, तसला प्रकार. त्यावर त्यांनी टाक्यांचा दाब उतरवला, तपासण्या वाढवल्या, टाक्यांना बाहेरून कवच घातलं. २६ ऑगस्ट २०२५ ला पुढचं शिप ३७ उडालं आणि हिंदी महासागरात ठरल्या जागी उतरलं. शिप ३६ च्या स्फोटात माणूस कुणी जखमी झालं नाही, पण अवशेष सीमेपलीकडे मेक्सिकोत पडले आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी कायदेशीर कारवाईची भाषा केली. याला यश म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्यातून ही कंपनी अशा टाकीपायी पहिल्यांदा भाजलेली नाही. १ सप्टेंबर २०१६ ला केप कॅनव्हेरलला फाल्कन ९ रॉकेटमध्ये इंधन भरताना स्फोट झाला. तिथे हेलियमच्या टाकीचं अस्तर आणि गुंडाळी यांच्यात ऑक्सिजन अडकून पेटला होता. वेळ वाचवायला ग्राहकाचा आमोस-६ उपग्रह आधीच वर चढवलेला होता, तोही खाक झाला. शिव्या घालायच्या तर या घाईला घाला. पोस्टमध्ये तिचा उल्लेखही नाही.

‘माणसं काय नेणार’ याचं उत्तर मात्र देऊन झालेलं आहे. २० एप्रिल २०१९ ला याच कंपनीची ड्रॅगन कुपी, म्हणजे माणसं न्यायचं यान, जमिनीवरच्या चाचणीत फुटली. अंतराळस्थानकाला जाऊन परत आलेली कुपी होती ती. व्हॉल्व्हमधून झिरपलेलं रसायन हेलियमच्या दाबाने टायटॅनियमवर आदळलं आणि धातूच पेटला. मग तिथले व्हॉल्व्ह काढून ठरलेला दाब येईपर्यंत वाट पूर्ण बंद ठेवून मग फुटणाऱ्या चकत्या बसवल्या. ३० मे २०२० ला दोन अंतराळवीर त्याच जातीच्या कुपीतून गेले आणि सुखरूप परतले. दोष जमिनीवर सापडला नसता तर कुठे सापडला असता, याचा विचार अंगठा दाबण्याआधी करा.

‘सरकारी संस्थांचं कधी होत नाही’? २२ ऑगस्ट २००३ ला ब्राझीलच्या अल्कांतारा तळावर सरकारी रॉकेट उड्डाणाच्या तीन दिवस आधी मांडवातच पेटलं, २१ माणसं गेली. जपानच्या सरकारी संस्थेची एप्सिलॉन-एस या रॉकेटची दुसऱ्या टप्प्याची मोटर जुलै २०२३ मध्ये चाचणीत फुटली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा फुटली.

इस्रोचा अभिमान मलाही आहे, पण खोट्या कौतुकाने तिची शोभा वाढत नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये श्रीहरिकोटाला घन इंधनाच्या कारखान्यात आग लागून ६ जणांचा जीव गेला. १ जुलै २०२३ ला तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला सेमीक्रायोजेनिक, म्हणजे केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या, इंजिनाची चाचणी साडेचार सेकंदांची होती, ती १.९ सेकंदाला टर्बाइनचा दाब उसळल्यावर बंद करावी लागली. २८ मार्च २०२५ ला याच इंजिनाची अडीच सेकंदांची चाचणी साधली. आधीची वेळेत बंद केली म्हणून तिचा गवगवा झाला नाही, एवढंच.

राहिलं कुलूप. आपल्याकडच्या खासगी कंपन्यांपैकी स्कायरूटचं विक्रम-एस रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ ला उडालं. दुसरी कंपनी अग्निकुल, तिने तर उड्डाण अनेकदा ऐन वेळी थांबवून ३० मे २०२४ ला साधलं. म्हणजे काटा हलला की हात मागे घ्यायची शिस्त या पोरांना आहे. त्यांच्यावर नजर ठेवायला इन-स्पेस ही सरकारी संस्था आहे, जसा साखर कारखान्याच्या बॉयलरवर बॉयलर इन्स्पेक्टर. तो हंगामापूर्वी येतो, पाण्याचा दाब देऊन बघतो, गळलं तर सर्टिफिकेट देत नाही. कारखाना खासगी की सहकारी, हे बॉयलरला कुठे ठाऊक असतं?